अडलेले झाकण

पावसाळा ओसरू लागला म्हणजे आमच्या धर्मग्रामात अडलेल्या वस्तूंचा हंगाम सुरू होतो. सॅक्रिस्टीचे जुने दार फुगून चौकटीत रुतते. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या ज्या कपाटात आहेत त्याचे कुलूप किल्ली आत घेते, परंतु फिरू देत नाही. घंटेच्या दोराची कप्पी थोडी चालते आणि रुसते. वसईच्या या पट्ट्यात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिच्या काठाने मिठागरे. वाऱ्याबरोबर मीठ येते आणि जेथे लोखंड दिसेल तेथे बिऱ्हाड करते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि असा खारट ओलावा साध्या पाण्याहून कितीतरी लवकर लोखंडाला गंज चढवितो. हे शास्त्र आपण शाळेत शिकतो खरे, पण त्याचा धडा नित्य गिरवून घेतात त्या बिजागऱ्या आणि कुलपे.

अडलेल्या वस्तूपुढे माणसाचा स्वभाव प्रकट होतो, असे आम्हांला पुष्कळदा आढळले आहे. कोणी लाथ घालतो. कोणी ती वस्तू तशीच सोडून दुसऱ्या दाराने ये-जा करू लागतो, आणि वर्षभरात तेथे एक दार होते हेही घर विसरून जाते. एखादाच असा निघतो की, जो गुडघे टेकून किल्लीच्या भोकाला डोळा लावतो आणि आत काय अडले आहे ते पाहतो. आज ज्या अडलेल्या वस्तूविषयी आम्ही लिहीत आहोत ती म्हणजे एका मोटारीच्या पेट्रोल टाकीवरचे झाकण. विषय ऐकून काही वाचक हसतील. त्यांना आमचे सांगणे इतकेच की, नवी गाडी घेतली म्हणजे आपण सारे ती हार घालून चर्चच्या आवारात आशीर्वादासाठी आणता, आणि वाहनांच्या आशीर्वादाची प्रार्थना ख्रिस्तसभेने आपल्या विधिग्रंथात छापून ठेवली आहे. ज्या गाडीवर तीर्थ शिंपडावयाचे, तिच्या झाकणाकडे धर्मगुरूने पाहिले तर काय बिघडले?

ही मोटार आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाची. घर कोणाचे ते आम्ही सांगणार नाही. मात्र पुढील हकिकत त्या कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहोत. तरुण सत्ताविशीचा, मुंबईत संगणकाच्या कामावर जाणारा, रोज विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारा. त्याची हौस निराळी. त्याने एक जुनी एस्टीम विकत घेतली होती. मारुती कारखान्याची ही गाडी १९९४ साली बाजारात आली आणि २००७ साली तिचे उत्पादन थांबले. एके काळी डॉक्टर आणि बँक मॅनेजर यांच्या दारात दिसणारी ही सभ्य गाडी शर्यतवाल्यांच्या मनात भरली ती तिच्या अंगलटीमुळे. वजन नऊशे किलोंच्या आत, इंजिन १.३ लिटरचे, आणि पुढे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आल्यावर ताकद ८५ अश्वशक्तीपर्यंत गेली. थोडे वजन आणि उत्साही इंजिन हे हौशी माणसाला परवडणारे वेगाचे समीकरण. म्हणून भारतातील रॅलींत आणि शर्यतींत ही गाडी वर्षानुवर्षे धावली. आमच्या तरुणाने तिच्या मागच्या बैठका काढल्या, स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलले, पत्र्याच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवून घेतला, आणि नाशिकच्या बाजूला मातीच्या मैदानावर भरणाऱ्या हौशी शर्यतींत तो तिला घेऊन जाऊ लागला.

त्याच्या वडिलांना ही गाडी डोळ्यांसमोर नको होती. वडील मुंबईच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षे फिटर होते. हातात कसब, तोंडात शब्द थोडे. वरवर पाहता त्यांची तक्रार पैशांची होती. लग्नाचे वय झालेला मुलगा सारी शिल्लक एका भंगार गाडीत घालतो, हे त्यांना पटत नव्हते. खरे कारण आम्हांला ठाऊक होते, कारण त्या कारणाची अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचा पुतण्या, या तरुणाच्याच वयाचा, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मोटारसायकलवरून पडून गेला. त्या रात्री इस्पितळात जाऊन देह ओळखण्याचे काम या काकांच्या वाट्याला आले. भय माणसाला बोलता येत नाही; राग बोलता येतो. एके दिवशी त्यांनी मुलाला त्या गाडीविषयी फार कठोर शब्द ऐकविले. मुलानेही उत्तर दिले की गाडी तुमच्या पैशाने घेतलेली नाही. तेव्हापासून सात महिने बाप-लेकात बोलणे नव्हते. एकाच छताखाली दोघे राहत. जेवणाची वेळ, विजेचे बिल, आजीचे औषध, सारे निरोप आईच्या मुखाने जात. ती माउली एकदा आम्हांला म्हणाली, “फादर, मी घरातली पोस्टमन झाले आहे.”

ऑक्टोबरमधल्या पहिल्या शुक्रवारी, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्याच्या आमच्या फेरीत, हे घर शेवटचे होते. आजी अंथरुणाला खिळलेली आहे. तिला कम्युनियन देऊन, तिच्यासोबत प्रार्थना करून आम्ही ओट्यावर आलो, तो अंगणात गडबड दिसली. चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी तरुणाने बाहेर काढली होती. परवाच्या रविवारी शर्यत होती. टाकीचा काटा तळाला टेकलेला. आणि पेट्रोल भरावे तर टाकीवरचे झाकण उघडेना.

येथे त्या झाकणाची रचना सांगणे अवश्य आहे. अशा गाड्यांत मागच्या चाकाच्या वर, पत्र्यात बेमालूम बसविलेले एक बाहेरचे झाकण असते. त्याच्या आत टाकीचे आटे असलेले बूच. बाहेरच्या झाकणाला किल्लीचे भोक नसते. ते उघडण्याचा लिव्हर चालकाच्या बैठकीशेजारी खाली असतो. लिव्हर ओढला की पायपुसण्याखालून मागेपर्यंत गेलेली एक तार ताणली जाते, आणि तिच्या टोकाची लहानशी खिट्टी झाकणाच्या जिभेतून मागे सरते. झाकणाच्या पाठीशी पोलादी पट्टीची एक बारीक स्प्रिंग असते. खिट्टी सरताच ती झाकणाला बाहेर ढकलते. योजना साधी, आणि गाडी रोज वापरात असेल तर वर्षानुवर्षे चालणारी. परंतु चार महिन्यांच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत तारेच्या वेष्टनात ओल शिरते, खिट्टीवर गंजाची साय धरते, आणि लिव्हर ओढला तरी खिट्टी पुरती मागे येत नाही. यात कारखान्याचा दोष म्हणता येणार नाही. दोष खाऱ्या वाऱ्याचा आणि न वापरण्याचा.

तरुणाचे दोन मित्र मदतीला आले होते. एकाने झाकणाच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून ते उचकटण्याचा यत्न चालविला होता. परिणाम एवढाच की कडेचा रंग उडाला आणि उघडा पत्रा दिसू लागला, म्हणजे उद्याच्या गंजाला आजच आमंत्रण गेले. फटीभोवती डब्ल्यूडी-फोर्टीचा फवारा मारून झाला होता; तो दरवळ अंगणभर पसरला, पण आतल्या खिट्टीपर्यंत थेंब पोहोचला नाही. शेवटी दुसरा मित्र घरून विजेचे ड्रिल घेऊन आला. झाकणाला भोक पाडून आतली खिट्टी तोडावयाची, झाकण मागाहून नवे आणू, असा बेत ठरला. ओट्यावर वडील वर्तमानपत्र उघडून बसले होते. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती. वायर लावून ड्रिल एकदा फिरवून पाहिले, आणि त्या आवाजासरशी वर्तमानपत्र खाली आले.

“ड्रिल खाली ठेव.”

हे वाक्य मित्राला उद्देशून होते, तरी अंगणात सारे स्तब्ध झाले. वडील पायऱ्या उतरून आले आणि मुलाकडे न पाहता त्यांनी विचारले, “टाकीत किती आहे?”

“काटा खाली टेकलाय,” मुलगा म्हणाला.

“म्हणजे टाकी भरलेली आहे. वाफेने.”

वाचकहो, हे वाक्य घरोघरी लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपली समजूत अशी की पेट्रोल संपले म्हणजे धोका संपला. वस्तुस्थिती उलट आहे. जळते ती पेट्रोलची वाफ. आणि उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडत असते, मग आपल्या ऑक्टोबरच्या उन्हाचे काय सांगावे! हवेत ही वाफ शेकडा सुमारे दीड ते साडेसात या प्रमाणात मिसळली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी असते. रिकामी होत आलेली टाकी म्हणजे वाफ आणि हवा यांची कोठी. शिवाय ही वाफ हवेहून जड असल्यामुळे ती उडून जात नाही, जमिनीसरशी पसरते. ड्रिलच्या मोटारीत ठिणग्या उडतात, आणि लोखंडावर लोखंड घासल्यानेही उडतात. त्या झाकणापाशी ड्रिल लावणे म्हणजे काय, हे बत्तीस वर्षे कारखान्यात काढलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नव्हते.

ड्रिलची वायर निघाली. मग वडिलांनी गाडीकडे पाहत दुसरा प्रश्न केला, “लिव्हर हाताला कडक लागतो की ढिला?”

आम्हांला या प्रश्नाचे महत्त्व मागाहून समजले. लिव्हर ढिला लागला तर आतली तार तुटलेली असते. मग कितीही ओढा, पलीकडे कोणी नाही. लिव्हर कडक लागला तर तार शाबूत आहे, ओढ पोहोचते आहे, अडले आहे ते टोकाला. पहिल्या प्रकारात एक उपाय, दुसऱ्यात दुसरा. उपाय करण्यापूर्वी नुसत्या हाताच्या स्पर्शाने हे ठरविता येते. मुलाने लिव्हर ओढून पाहिला आणि म्हणाला, “कडक आहे. अर्ध्यावर येऊन थांबतो.”

“मग तार आहे,” वडील म्हणाले. “आत बस. मी सांगेन तेव्हा ओढ, आणि सोड म्हटले की सोड.”

मुलगा चालकाच्या जागी बसला. वडील मागे गेले आणि त्यांनी झाकणावर तळहात ठेवला. आमची अपेक्षा अशी की, आता ते झाकण बाहेर ओढतील. त्यांनी ते आत दाबले. उघडावयाचे झाकण बंद करण्याच्या दिशेने! कारण विचारता ते म्हणाले की, पाठीची स्प्रिंग झाकणाला सतत बाहेर ढकलत असते, त्यामुळे झाकणाची जीभ खिट्टीवर दाबून बसते. त्यात कोणी फटीतून उचकटले तर तो दाब आणखी वाढतो आणि खिट्टी जास्तच आवळली जाते. झाकण किंचित आत दाबले की खिट्टीवरचे ओझे उतरते, ती मोकळी होते, आणि मग लहानशी ओढही तिला पुरते. स्क्रू-ड्रायव्हरवाल्या मित्राने तासभर जो जोर केला तो सारा खिट्टीच्या बाजूने गेला होता.

या कामाला दोन माणसे लागतात. चालकाच्या जागेवरून मागचे झाकण दिसत नाही, आणि झाकणापाशी उभ्या असलेल्याचा हात लिव्हरपर्यंत पोहोचत नाही. एकाने ओढायचे, त्याच क्षणी दुसऱ्याने दाबायचे. म्हणजे एकमेकांना हाक घालणे आले. “ओढ.” “सोड.” “पुन्हा ओढ.” “आता?” “नाही. सोड.” सात महिन्यांनंतर बाप-लेकांचे बोलणे सुरू झाले ते असे, एकेका शब्दाचे. स्वयंपाकघराच्या दारात आई पदर हाती धरून उभी होती. मित्राने पुढे होऊन म्हटले, “काका, तुम्ही बसा, मी दाबतो.” तिने त्याला डोळ्यांनीच मागे सारले.

आठ-दहा वेळा करूनही खिट्टी सरली नाही. वडिलांनी डिकी उघडविली, आतल्या बाजूचे अस्तर सोडविले, बॅटरीच्या उजेडात खिट्टीचे मागचे टोक शोधून काढले आणि हात पुढे करून तेल मागितले. घरात मशीनचे तेल होते. आईने आपल्या शिलाईयंत्राच्या खणातली कुपी आणून दिली. चार थेंब टोकावर पडले. “आता अर्धा तास कोणी हात लावू नका,” असे सांगून ते डिकीच्या कडेवर टेकले. मुलगा गाडीतून उतरून पलीकडे उभा राहिला. चहा आला.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे धैर्यावरील विवेचन आम्ही शिकलो. धैर्याची दोन कार्ये ते सांगतात: संकटावर चालून जाणे आणि संकटात टिकून राहणे, आणि यांपैकी टिकून राहणे हे मुख्य, असा त्यांचा निर्वाळा आहे. तरुण वयात हे आम्हांला परीक्षेपुरते ठाऊक होते. तेल घालून अर्धा तास हात जोडून बसणे हे ड्रिल चालविण्याहून अवघड कसे, ते त्या अंगणात दिसले. तेलाला घाई चालत नाही. गंजाच्या कणांमधल्या केसाएवढ्या फटींतून ते आपल्याच गतीने वाट काढते. आपण करावयाचे ते एवढेच की वाट पाहावयाची आणि मधल्या वेळात काही मोडावयाचे नाही.

त्या अर्ध्या तासात वडिलांनी लोखंडी पिंजऱ्याचे वेल्डिंग बोटाने चाचपून पाहिले. पट्टे कोठे आवळले आहेत ते पाहिले. ब्रेक कोणी केले, असे विचारले. मुलाने सांगितले. मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. शेवटी हातातल्या कपाकडे पाहत वडील म्हणाले, “त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते.”

कोणाच्या, ते विचारावे लागले नाही. मुलगा म्हणाला, “माझ्या डोक्यावर असते, पप्पा. शर्यतीत त्याशिवाय गाडीत बसूच देत नाहीत. आणि रस्त्यावर मी ही गाडी पळवत नाही. पळवायची म्हणूनच मैदानावर नेतो.”

“हे तू सांगितले नाहीस.”

“तुम्ही विचारले नाही.”

आम्ही तेथे होतो, पण आम्हांस बोलण्याचे काही कारण नव्हते. धर्मगुरूला कधी कधी नुसते उभे राहण्याचेच काम असते.

अर्ध्या तासाने दोघे आपापल्या जागी गेले. दुसऱ्या हाकेला ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि झाकण बोटभर बाहेर आले. आतले बूचही सहजी फिरत नव्हते. त्याची रबरी कडी फुगली होती. आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. ते गाड्या जुन्या असल्या तर त्यांच्या रबराला नेहमीच मानवते असे नाही. मित्राने पक्कड पुढे केली. वडिलांनी ती घेतली नाही. बुचाचे कान प्लास्टिकचे असतात, पकडीत तुटतात. ओल्या फडक्याने बूच धरून त्यांनी ते हळूहळू फिरविले. फिस्स असा उसासा टाकून टाकीने हवा आत घेतली आणि बूच हातात आले.

येथवरची हकिकत झाकणाची. आता जे आमच्या मनात राहिले ते सांगतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, प्रभू येशू एका बहिऱ्या आणि बोबड्या माणसाला बरे करतात. त्या प्रसंगी त्यांनी उच्चारलेला अरामी शब्द, एफ्फाथा, ‘मोकळा हो’, संत मार्कने मूळ रूपातच जतन केला. स्नानसंस्काराच्या विधीत आम्ही बालकाच्या कानांना आणि मुखाला स्पर्श करतो तो या प्रसंगाच्या स्मरणार्थ. परंतु हा शब्द उच्चारण्यापूर्वी प्रभूने काय केले, याकडे आपले लक्ष क्वचित जाते. लोकांनी त्या माणसाला सर्वांसमक्ष आणले होते. प्रभूने प्रथम त्याला गर्दीतून एका बाजूला नेले. मग स्पर्श केला. जेथे अडले होते नेमके तेथे, कानांना आणि जिभेला. स्वर्गाकडे पाहून उसासा टाकला. आज्ञा त्यानंतर. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यावर ओरडून काय होणार? बोटांचा स्पर्श त्याला कळला असेल, शब्द मागाहून.

आपल्या घरांत अबोले पुष्कळ आहेत. वडिलार्जित वाडीच्या हद्दीवरून दोन भावांत, लग्नातल्या मानपानावरून नणंद-भावजयीत, आणि आता हौसेवरून बाप-लेकात. असे कुटुंब भेटीला आले की आजूबाजूचे सारे ड्रिल घेऊन पुढे होतात. चारचौघांत जाब विचारला जातो. धर्मगुरूनेही वेदीवरून दोन शब्द सुनवावेत अशी अपेक्षा असते. बाहेरून जितके उचकटावे तितके ते माणूस आतून आवळले जाते, कारण त्याच्याही आत एक स्प्रिंग आहे. तीही त्याला बाहेरच ढकलीत असते. त्या वडिलांनाही बोलावयाचे होतेच. सात महिने त्यांच्या मनात पुतण्याचा तो देह होता. त्यांच्यावरचे ओझे कोणी क्षणभर उतरविणे एवढेच हवे होते. आम्ही ज्यांना समेट म्हणतो तो पुष्कळदा याच रीतीने होतो: एकजण आतून ओढतो, दुसरा बाहेरून किंचित माघार घेतो. दोघांनी एकाच वेळी ओढले तर खिट्टी सरत नाही.

रोमच्या संत पेत्र महामंदिरातील पवित्र द्वाराची गोष्ट येथे आठवते. जयंती वर्षाच्या प्रारंभी हे द्वार उघडतात. पूर्वी त्यापुढे भिंत बांधलेली असे, आणि पोपमहोदय हातोड्याने तिच्यावर घाव घालीत. मग भिंत पाडली जाई. २४ डिसेंबर १९७४ रोजी पोप सहावे पॉल यांच्या अगदी जवळ त्या भिंतीचे तुकडे कोसळले. पुढे १९९९ सालच्या नाताळाच्या पूर्वसंध्येला पोप दुसरे जॉन पॉल यांनी भिंतीऐवजी दाराच्या पाळ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि ते ढकलून उघडले. जे द्वार क्षमेचे प्रतीक, त्याला हातोड्यापेक्षा तळहात शोभतो, असे आम्हांला वाटते.

तेलाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डब्ल्यूडी-फोर्टी हे नाव पाणी हटविणे या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आणि चाळीस या आकड्यावरून पडले. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे गंज रोखणारे द्रव्य शोधीत असता हा चाळिसावा प्रयोग साधला. क्षेपणास्त्रांच्या पत्र्यासाठी केलेले ते द्रव्य आज घरोघरी आहे. परंतु जाणते मिस्त्री सांगतात की, ते ओल हटविते आणि गंज सैल करते. कायमचे वंगण म्हणून त्यावर विसंबू नये, कारण त्याचा पातळ भाग उडून जातो. खिट्टी सुटल्यावर ती घासून पुसून तिच्यावर रीतसर ग्रीस लावावे लागते. वडिलांनी त्याच दुपारी जुन्या टूथब्रशने खिट्टी साफ करून ग्रीस लावले. मुलाने बुचाची रबरी कडी नवी आणली.

वाचकांची उत्सुकता असेल म्हणून सांगतो. वडील शर्यत पाहावयास नाशिकला गेले नाहीत. गाडी त्यांना अजूनही आवडत नाही, आणि पैशांचा प्रश्न मिटलेला नाही. मात्र निघण्यापूर्वी आदल्या रात्री त्यांनी चारही चाकांचे नट स्वतः पान्याने तपासले, आणि रविवारी सायंकाळी मुलगा परत येईपर्यंत ते ओट्यावर बसून होते. पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजीला कम्युनियन देण्यास गेलो तेव्हा घरात चढ्या आवाजात बोलणे चालले होते. आम्ही आईकडे पाहिले. ती हसून म्हणाली, “फादर, आता भांडतात तरी. माझी पोस्टाची नोकरी गेली.”

ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांनी महिन्यातून एकदा, गरज नसली तरीही, टाकीचे झाकण उघडून पाहावे आणि पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या खिट्टीला बोटभर ग्रीस लावावे. आणि ज्यांच्या घरात कोणाशी बोलणे थांबले आहे, त्यांनी मोठ्या विषयाला हात घालण्यापूर्वी दोघांनी मिळून करावे असे एखादे लहान काम शोधावे. पंखा उतरविणे, विहिरीची मोटार बसविणे, नाताळच्या गोठ्याचे बांबू बांधणे. काम असे निवडावे की ते एकट्याला साधू नये.